जनरल वॉर्डातल्या डॉक्टरबाई

डॉ. उज्ज्वला रंगारी ह्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि त्यात पहिला लेख लिहिण्याचा मान अमृतमहोत्सव समितीने मला दिला आहे. समितीचा अध्यक्ष मीच असल्यामुळे हा मान मी स्वतःच स्वतःला दिला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून उभी हयात गेली, मागच्या बाकावरची बोलणी ऐकायची मला सवय आहे. पण सुहृदहो, आधी लिहून ठेवलेला नीटनेटका लेख मला बाजूला ठेवावा लागला. बाईंनी ऐन उत्सवाच्या तोंडावर आम्हां सगळ्यांना असा धक्का दिला की अजून मी पुरता सावरलेलो नाही. तेव्हा ह्या लेखात घडी विस्कटलेली दिसली तर दोष बाईंना द्यावा.

बाईंची आणि माझी पहिली भेट माझ्याच वर्गाच्या दारात झाली. त्या वेळी मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या मुलांना ‘तुलनात्मक शासन’ शिकवत असे. बाई सालेकशाकडे सरकारी नोकरीत होत्या आणि विद्यार्थ्यांची सिकलसेलची रक्ततपासणी करायला त्यांचे पथक आमच्याकडे आले होते. माझा तास संपायची वाट पाहत त्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी आपला इंग्लंडची संसद, अमेरिकेचा अध्यक्ष, जर्मनीचे संघराज्य असा घसा फोडून शिकवत होतो. घंटा झाली, मी बाहेर आलो, नमस्कार केला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, छान शिकवता. पण त्या देशांत माणूस आजारी पडला तर कुठे जातो, ते कोणत्या तासाला शिकवता?”

मी म्हणालो, “ते आमच्या अभ्यासक्रमात येत नाही, मॅडम.”

“काऊन? लोकशाहीत कोणी आजारी पडत नाही का?”

अहो, मी जागच्या जागी थिजलो! साक्षात प्राचार्यांनी मला कधी असा प्रश्न टाकला नव्हता. मुले फिदीफिदी हसायला लागली. बाईही हसल्या, पण त्या हसण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. त्या दिवसापासून आमचा स्नेह जुळला तो आजतागायत. ह्या स्नेहात मी जितक्या वेळा आ वासून बसलो असेन तितका दुसऱ्या कोणापुढे बसलो नाही.

बाई मूळच्या कामठ्याच्या. त्या लहान असतानाच आईवडिलांनी धम्मदीक्षा घेतली. घरची शेती म्हणाल तर तलावाचे पाणी सगळ्यांत शेवटी पोहोचते अशी टोकाची एक बांधी, म्हणजे भाताचा एक तुकडा, बाकी सगळी मजुरी. अशा घरातून त्या नागपूरला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या बरोबरीच्यांनी शहरात पाट्या लावल्या, माड्या चढवल्या. बाईंनी सरकारी नोकरी धरली आणि तीही सालेकशाच्या जंगलपट्ट्यात, जिथे बदली झाली की लोक आधी रजेचा अर्ज टाकतात. निवृत्त होईपर्यंत त्या त्याच भागात फिरत राहिल्या. कचारगडच्या यात्रेत माणसांचा पूर लोटतो, तेव्हा पायथ्याशी सरकारी तंबूत बसून फोड आलेले पाय धुणाऱ्या डॉक्टरबाई कित्येकांना आठवत असतील.

त्यांची काम करण्याची एक तऱ्हा मला इथे मुद्दाम नोंदवायची आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. आपल्याकडे लहान दवाखान्यात उपाय चालेना की रोग्याला मोठ्या दवाखान्यात धाडतात. ह्याला सगळे ‘रेफर करणे’ म्हणतात, आणि ह्या शब्दाने खेड्यातल्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते. रेफर केले म्हणजे आता आशा नाही, असाच तो अर्थ घेतो. बाई नुसते रेफर करत नसत. होता होईल तो त्या स्वतः रोग्याच्या बरोबर गाडीत बसत. सालेकशाजवळच्या हर्राटोल्याच्या जैवंताबाई सलामे ह्यांची सून अडली तेव्हाची गोष्ट आहे. नाल्याला पाणी, गाडी पलीकडे उभी. चार माणसांनी पोरीला खाटेवर घातले, खाट खांद्यावर घेतली आणि नाला ओलांडला. बाई कमरेइतक्या पाण्यातून खाटेचा पाय धरून चालल्या होत्या. पुढे गोंदियाच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्या पोरीचा हात हातात धरून गेल्या, तिथल्या डॉक्टरांच्या हवाली केली आणि बाळ रडेपर्यंत बाकावरून हलल्या नाहीत. जैवंताबाईंचा मुलगा बिसन मला म्हणाला होता, “बाई संगं होती म्हनून गेलो जी. नाईतं कोन जाते तिकडं मराले!”

त्या वेळी मला हे बाईंचे मोठेपण वाटले. ते मोठेपण आहेच. पण बिसनच्या त्या वाक्यात आणखी काय होते ते कळायला बाईंचे पाऊणशे वय यावे लागले.

मधल्या काळात आम्हां दोघांचा एक उद्योग सुरू झाला होता. मी देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थांवर मिळेल ते वाचायचे, बाईंनी ते गावकऱ्यांना समजेल असे सांगायचे, आणि सुटीच्या दिवशी कुठल्या तरी गावच्या पारावर बैठक मांडायची. माझे बोलणे सुरू झाले की बायका शेंगा सोलायला घेत. बाई बोलू लागल्या की शेंगा बाजूला. आमचा मुलूख तलावांचा, म्हणून बाईंनी सगळा विषय तलावावर आणून ठेवला होता.

त्या सांगत, “इंग्लंडात एकच मोठा तलाव. वर्षाचा सारा सगळ्यांनी भरायचा, पण पाणी घेताना कोणी हात पुढे करत नाही. जर्मनीत लहान लहान बोड्या पुष्कळ, पण कोणत्या ना कोणत्या बोडीत प्रत्येकाने वाटा घालायचाच. घातला नाही असे चालत नाही. कॅनडात डॉक्टर खाजगी, पण त्याची पाणीपट्टी सरकार भरते. अमेरिकेत ज्याची त्याची बोअर. म्हाताऱ्याला आणि अगदी गरिबाला सरकारी हातपंप आहे. मधल्याची बोअर आटली की त्याचे हाल कुत्रा खात नाही.”

“अन् आपल्या इथं, बाई?” कोणी तरी हमखास विचारायचे.

“आपला तलाव आहे ना! सगळ्यांचा आहे. पण ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्या घरी बोअर आहे. मग गाळ काढाले कोण उतरन?”

एकदा मी भर बैठकीत माझ्या कोहळी घराण्याची टिमकी वाजवली. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, हे आम्ही लग्नाच्या बैठकीत व्याह्यालाही ऐकवतो, तर गावकऱ्यांना का सोडू? बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमच्या आज्याने तलाव बांधला, सर, मान्य. पाणी कमी पडलं त्या साली टोकाच्या बांधीला किती गेलं, ते सांगा.” माझ्या कानशिलांना आग लागली! सगळा पार हसला. परतताना मी गाडीत घुम्यासारखा बसलो, तर बाईंनी पिशवीतून तिळाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “रागावू नका. टोकाच्या बांधीत वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.”

त्यांची मुलगी नीलिमा इंग्लंडात असते. तिच्या बाळंतपणाला बाई तिकडे गेल्या आणि पुष्कळ महिने राहून आल्या. परत आल्यावर आम्ही मंडळी हारतुरे घेऊन त्यांच्या घरी. राजवाडा पाहिला का, नदीवरचा पूल पाहिला का, असे आमचे प्रश्न. बाई म्हणाल्या, “दवाखान्यातला बाक पाहिला.” मी म्हटले, धन्य आहे! साता समुद्रापार जाऊन ह्या बाई बाक पाहून आल्या! पण त्या भारावून सांगत होत्या. नीलिमाच्या वॉर्डात तिच्या एका बाजूला वकीलबाई होती, दुसऱ्या बाजूला बस चालवणारी होती, आणि कोण कोणाच्या शेजारी आहे ह्याचे कोणालाच काही वाटत नव्हते. तिथले वाईटही त्यांनी लपवले नाही. नीलिमाच्या घराशेजारच्या आजोबांचा गुडघा बदलायचा होता, ते तारखेची वाट पाहून पाहून रडकुंडीला आले होते. पैसेवाल्यांसाठी निराळे दवाखाने तिथेही आहेत. “पण सर,” बाई म्हणाल्या, “रांग लांबली की तिथं वकीलसुद्धा बोंब मारतो, कारण तो त्याच रांगेत असतो. आपल्याकडे बोंब मारू शकणारा माणूस रांगेतच नाही.”

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगत बसलो तर ग्रंथ मलाच पुरायचा नाही. माझी आई शेवटच्या आजारात औषधाला तोंड उघडत नव्हती. आम्ही सगळे हात टेकून बसलो होतो. बाई आल्या, खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, मले भूक लागली. तुमी जेवाल तं मी जेवन.” दोघींनी एका ताटात वरणभात कालवला. आई हसली, जेवली आणि औषधही घेतले. बाई त्यानंतर रोज येत राहिल्या, आईसाठी येतात असे न दाखवता. आमच्या घरात त्यांचे नाव निघाले की आजही माझ्या पत्नीचे डोळे भरतात.

आता ज्यासाठी हा लेख नव्याने लिहायला घेतला ते सांगतो.

उत्सवाची पत्रिका छापून आली होती. मंडप ठरला होता, शाल आणली होती. आणि एका सकाळी निरोप आला की बाई अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. मी धावतपळत समितीच्या लोकांना फोन लावले. आमच्यातल्या एकाच्या भाच्याचा नागपूरला खाजगी दवाखाना आहे. त्याने गाडी काढायला सांगितले, खोली तयार ठेवली. मी बाईंच्या घरी पोहोचलो तर कुलूप! शेजारीण म्हणाली, “उनको तो एम्बुलेन्स से सरकारी में ले गये, सरजी.” मला वाटले, घाईगडबडीत कोणी तरी चुकून तिकडे नेले. बाईंना दुखण्यात बोलता आले नसेल. त्यांना सोडवून आणायला मी तसाच निघालो.

गोंदियाच्या त्याच सरकारी दवाखान्यात पोहोचलो, तर बाई हाडांच्या जनरल वॉर्डात एका खाटेवर पायाला वजन बांधून पडलेल्या. वॉर्ड गच्च भरलेला. व्हरांड्यात नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले, कोणाच्या डब्यातली भाजी सगळीकडे दरवळलेली. एका बाजूला तेंदूपत्ता तोडताना खडकावरून पडलेली बाई, दुसऱ्या बाजूला मोडक्या मनगटाची भाजीवाली. मी ओरडलोच, “बाई, हे काय! तुम्हांला इथे कोणी आणलं?”

“मीच आले,” त्या म्हणाल्या. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच.

“गाडी उभी आहे. नागपूरला खोली तयार आहे.”

“मला नाही जायचं.”

माझे डोळे पांढरे झाले. पंचाहत्तर वर्षांचे शरीर, मोडलेला खुबा, आणि ह्या म्हणतात जायचे नाही! मी समजावले, रागावलो, हात जोडले. नीलिमाला फोन लावला, ती तिकडून रडत होती. “आई, हट्ट करू नकोस. तू पुन्हा चालू शकली नाहीस तर?” बाईंनी तिला विचारले, “तू बाळंतपणाला कुठे गेली होतीस?” ती म्हणाली, “ते वेगळं, आई. इथले सरकारी दवाखाने चांगले आहेत.” बाई म्हणाल्या, “ते आधी चांगले झाले अन् मग तुझ्या शेजारची वकीलबाई तिथं गेली, की ती लोकं जायला लागली म्हणून चांगले झाले?” मी मात्र हट्टाला पेटलो. म्हटले, “बाई, एका म्हाताऱ्या डॉक्टरने जनरल वॉर्डात पडून देशाची व्यवस्था सुधारत नसते. पुस्तकात लिहायला ठीक आहे.”

“मी आयुष्यभर लोकांना इथं आणून सोडलं, सर. आता माझं हाड मोडलं तर मी नागपूरला पळू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण?”

हाडांचे डॉक्टर तरुण आणि फार अदबशीर होते. तेही चकित झाले होते. वर स्वतंत्र खोली देतो म्हणाले. बाईंनी विचारले, “तिथून सिस्टरचं टेबल जवळ की इथून?” ते म्हणाले, “इथून.” “मग इथंच बरं.” शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आणि नेमक्या त्या सकाळी ट्रॅक्टर उलटून चेंगरलेला एक माणूस आला, म्हणून बाईंची पाळी पुढे गेली. आता मात्र माझा संयम सुटला. मी सिस्टरच्या अंगावर धावून गेलो, “सिस्टर, आपको पता भी है, ये कौन हैं?”

“सर, गप बसा!” बाई खाटेवरून कडाडल्या. अख्खा वॉर्ड वळून पाहायला लागला. “ज्याला जास्त गरज त्याचा नंबर आधी. त्या चांगल्या चांगल्या देशांत हेच होते म्हणून आपण गावोगाव सांगितलं. आता इथं होऊन राहिलं तर तुम्हीच भांडून राहिले?” मी मुकाट्याने स्टुलावर बसलो. राग आला होता, भीतीही वाटत होती. ह्या वयात हाड मोडून पडून राहिले की माणूस उठत नाही, हे मी आमच्या घरात पाहिले आहे.

आणि मग, घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, तसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. आत दाटीवाटीने हर्राटोल्याची माणसे, मांडीवर तांदळाचे गाठोडे, आणि जीपच्या टपावर दोरांनी आवळलेली एक खाट. चौकीदार ओरडत होता, “ए, खटिया कहाँ ले जा रहे हो?” बिसनने खाट उतरवली, दोघांनी खांद्यावर घेतली आणि जैवंताबाईंच्या मागोमाग सगळी वरात थेट वॉर्डात.

जैवंताबाईंना मोतिबिंदूने आता फारसे दिसत नाही. चाचपडत त्या बाईंच्या खाटेशी आल्या, बाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि हंबरडा फोडला. “काऊन बाई, इथं काऊन पडून राहिल्या? पोरीनं टाकून देलं का तुमाले? आमाले एक सांगावा तं धाडाचा होता!”

बिसन म्हणाला, “बाई, काई घोर करू नोका. आमी खाट आनली. चौकातल्या खाजगी दवाखान्यात बोलून आलो. गावानं ठरवलं, बाईले सरकारीत मरू द्याचं नाई.”

सुहृदहो, काय सांगू! ज्या गावच्या लोकांना बाईंनी खाटेवर घालून इथे आणले, ते गाव आज खाट घेऊन बाईंना इथून सोडवायला आले होते. त्यांच्या मनात तिळभर कपट नव्हते. बाई सरकारी दवाखान्यात आहेत ह्याचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता: बाईंवर वाईट वेळ आली. आपल्या मर्जीने इथे कोणी डॉक्टर येऊन पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. आणि मी त्यांना काय हसणार? मीसुद्धा बाईंना सोडवायलाच आलो होतो. माझी गाडी होती, त्यांची खाट होती, एवढाच काय तो फरक.

बाई आधी हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. म्हणाल्या, “अरे बिसन, मले कोनी टाकलं नाई. मी आपल्या मर्जीनं आली. तुमाले इतके वर्स मी कुठं आनत होती?”

“इथंच.”

“मंग मी आली तं काय बिघडलं?”

बिसन जैवंताबाईंकडे पाहायला लागला. जैवंताबाई सरळ मनाने म्हणाल्या, “तुमी धाडत होत्या म्हनून येत होतो, बाई. तुमी संगं राहत होत्या म्हनून येत होतो. पन ही जागा आमची. गरिबाची. तुमची थोडीच आहे?”

बाईंचे हसू मावळले. “म्हंजे? जिथं मी सोता पडनार नाई, तिथं तुमाले आनून टाकत होती, असं वाटत होतं तुमाले?”

“हव,” जैवंताबाई म्हणाल्या. “तसंच वाटत होतं.”

त्या ‘हव’मध्ये राग नव्हता, तक्रार नव्हती. म्हणून तर ते ऐकवेना. बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवले. आमच्या इतक्या वर्षांच्या स्नेहात मी त्यांना रडताना पाहिले नव्हते; त्या दिवशी त्यांचे खांदे हलताना पाहिले. सगळी हयात ज्या माणसांमध्ये घातली, ती माणसे त्यांचा शब्द मानत होती आणि तरीही मनातून म्हणत होती की बाई चांगली आहे, पण ती आपल्याला तिथे धाडते जिथे ती स्वतः जाणार नाही. आम्ही पारावर बसून इंग्लंड सांगितले, जर्मनी सांगितले. लोकांनी मान डोलावली आणि हे पोटात ठेवले. कोणी एकदा तरी तोंडावर बोलले असते! पण बोलणार कोण आणि ऐकणार कोण?

मग पदराने डोळे पुसून बाईंनी तोंड इकडे वळवले. म्हणाल्या, “खरं बोलल्या तुमी, जैवंताबाई. आधी काऊन नाई बोलल्या?”

“तुमी इच्यारलंच नाई.”

भाजीवाली मनगट धरून ऐकत होती. जैवंताबाई खाटेच्या कडेला टेकल्या, बाईंचा धड पाय चाचपून त्यावर हात ठेवला आणि कोणाशी सौदा करावा तशा म्हणाल्या, “आता पडल्याच आहा तं इथंच बऱ्या होऊन दाखवा. आपल्या पायानं बाहेर निंघा. मंग मी बी डोरे कापाले इथंच येईन. माह्या मांगं सारं गाव येईन. पन तुमी नाई उठल्या, तं आमचं कोनी येनार नाई, आताच सांगून ठेवतो.”

मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाई त्यांच्या मागे लागून थकल्या होत्या. भातातला खडा दिसत नाही, नातवंडाचे तोंड दिसत नाही, तरी जैवंताबाई ऐकत नव्हत्या. बाईंनी त्यांचा हात धरला आणि एवढेच म्हणाल्या, “ठीक.”

खाट परत गेली नाही. चौकीदाराने पुष्कळ आरडाओरडा केला, पण ती झाडाखाली पडून राहिली आणि जैवंताबाई तिच्यावर ठाण मांडून बसल्या. बाईंना शस्त्रक्रियेला नेले तेव्हा मी त्या खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मी देव मानतो. बाई मानत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनेही मीच हात जोडले. इतका घाबरलेला मी माझ्या स्वतःच्या ऑपरेशनला नव्हतो. त्या तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन मास्क उतरवला आणि सगळे नीट झाल्याचे सांगितले तेव्हा जैवंताबाईंनी विचारले, “चालते का?” डॉक्टर म्हणाले, “माँजी, अभी तो सो रही हैं.” जैवंताबाई म्हणाल्या, “मंग अजून काई झालं नाई.” आणि पुन्हा बसल्या.

त्यांचे बरोबर होते. बाईंना उभे करायला गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांना उभे राहता आले नाही. दुसऱ्यांदा त्या घामाघूम होऊन परत आडव्या झाल्या. मी म्हटले, “बाई, उद्या बघू.” त्या दात आवळून म्हणाल्या, “बाहेर ती बसून आहे, सर. तिला उद्या चालत नाही.” आणि वॉकर धरून त्या भाजीवालीच्या खाटेपर्यंत गेल्या. भाजीवालीने धड हाताने मांडीवर थाप मारून वाहवा केली. हळूहळू त्या दारापर्यंत, मग व्हरांड्यापर्यंत गेल्या, आणि सुटी मिळाली त्या दिवशी वॉकर टेकत टेकत फाटकाबाहेर आल्या. जैवंताबाईंना ते नीट दिसले नाही. त्यांनी वाकून बाईंची पावले हाताने चाचपली, जमिनीवर टेकली आहेत ना ह्याची खात्री केली, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचे आता ठरले आहे. बरोबर कोण जाणार, असे मी विचारले, तर बाई म्हणाल्या, “मी नाही. ह्या वेळी त्या आपल्या मर्जीनं जाणार.”

म्हणून उत्सव पुढे ढकलला आहे. बाई आपल्या पायांनी व्यासपीठ चढतील त्या दिवशी तो होईल, आणि त्या दिवशी हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल. शाल मी जपून ठेवली आहे.

बाई, गौरवग्रंथात दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते मी चिंततोच, अगदी जीव ओतून चिंततो. पण तेवढ्याने आमचे भागणार नाही. तुमचे बरे असणे ही आता तुमची एकटीची बाब राहिलेली नाही. हर्राटोल्याची माणसे तुमच्या पायांकडे डोळे लावून बसली आहेत. तेव्हा खात जा, औषध चुकवू नका, पावसाळ्यात अंगणात जपून उतरा. आणि चाला, बाई. हळू चाला, काठी टेकत चाला, पण सालेकशाच्या भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असे चाला.